‘मी’ आणि ‘दुसरा’ यांमधली पुसट रेघ

१९ जानेवारी १९१९. स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झ येथील एका हॉटेलात नृत्य पाहायला निमंत्रित जमले होते. नर्तक होते वास्लाव निजिन्स्की, त्या काळातले बॅलेतले सर्वांत मोठे नाव. ते खुर्चीवर बसले आणि बराच वेळ प्रेक्षकांकडे नुसते पाहत राहिले. मग उठून त्यांनी महायुद्धाचा संहार असा नाचून दाखवला, की पाहणारे भेदरून गेले. तो त्यांचा शेवटचा कार्यक्रम ठरला. तेव्हा ते जेमतेम तिशीचे होते.

कीव्हमध्ये पोलिश नर्तक दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला आणि सेंट पीटर्सबर्गच्या शाही शाळेत शिक्षण. १९०९ मध्ये द्यागिलेव्ह यांच्या कंपनीबरोबर ते पॅरिसला आले. उडी मारली की ते हवेत थबकतात, असे लोकांना वाटे. १९११ मध्ये त्यांनी ‘पेत्रुश्का’ ही मानवी मन असलेली कळसूत्री बाहुली रंगवली. १९१३ मध्ये त्यांनी रोमोला यांच्याशी लग्न केले आणि द्यागिलेव्ह यांनी त्यांना कंपनीतून काढले. पाठोपाठ महायुद्धाने त्यांना बुडापेस्टमध्ये अडकवून ठेवले. थोरला भाऊ तरुणपणापासून मनोरुग्ण होता. सख्ख्या भावंडाला हा आजार असला, तर इतरांपेक्षा धोका वाढतो, हे आज माहीत आहे.

सेंट मॉरिट्झला त्यांनी सुमारे सहा आठवडे झपाटल्यासारखी रोजनिशी लिहिली. तीत कुठे देव त्यांना हुकूम देतो, तर कुठे ते स्वतःच देव असतात. विचार आपला की दुसऱ्या कुणी मनात घातलेला, याचा पत्ता लागत नाही. रंगमंचावर ज्यांनी बाहुली साकारली, त्यांना आता आपलीच दोरी कुणा दुसऱ्याच्या हातात असल्यासारखे वाटू लागले.

असे का होते, याचा एक धागा अगदी साध्या अनुभवात सापडतो. आपण स्वतःला गुदगुल्या केल्या तर हसू येत नाही. हाताला हुकूम देतानाच मेंदू त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवतो. स्पर्श पोहोचला की तो त्या प्रतीशी ताडून पाहतो. दोन्ही जुळले, की हे माझेच, असा शिक्का बसतो आणि संवेदना मंदावते. लंडनमधल्या संशोधकांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्या मनोरुग्णांना आवाज ऐकू येत होते किंवा परकी शक्ती आपल्याला चालवते असे वाटत होते, त्यांना स्वतःचा आणि दुसऱ्याचा स्पर्श जवळपास सारखाच जाणवला. मनातल्या बोलण्यावरचा शिक्काही असाच पुसला जात असावा, असे अनेक संशोधक मानतात. मग स्वतःचाच विचार दुसऱ्याचा आवाज म्हणून ऐकू येतो. उलट बाजूने, रस्त्यात कुणी सहज हसले तरी ते आपल्यालाच उद्देशून आहे, असे वाटते.

मार्च १९१९ मध्ये रोमोला यांनी पतीला झुरिकला डॉ. ऑयगेन ब्लॉयलर यांच्याकडे नेले. ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द १९०८ मध्ये मांडणारे हेच डॉक्टर. त्यांनी त्याच आजाराचे निदान केले. पण त्यांच्याकडे औषध नव्हते. पुढची ३१ वर्षे निजिन्स्कींनी बरीचशी आरोग्यगृहांत आणि अबोल अवस्थेत काढली. मध्ये इन्सुलिनने बेशुद्ध करण्याचे जोखमीचे उपचारही झाले. ८ एप्रिल १९५० रोजी लंडनमध्ये ते वारले. दोनच वर्षांनी, ज्या पॅरिसने त्यांना डोक्यावर घेतले होते, तिथेच क्लोरप्रोमॅझिन हे पहिले परिणामकारक औषध मनोरुग्णांना देण्यास सुरुवात झाली.

आज अशी औषधे जिल्हा रुग्णालयातही मिळतात. घरातला तरुण एकलकोंडा झाला, एकटाच बोलू लागला, आपले विचार कुणीतरी चोरते किंवा मनात घालते असे म्हणू लागला, तर तो सोंग करत नाही. त्याच्याशी हुज्जत घालू नये आणि त्याला हसूही नये. त्याला ऐकू येणारा आवाज त्याच्यापुरता खरा असतो. त्याची भीती ऐकून घ्यावी आणि लवकरात लवकर मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे. बरे वाटले म्हणून गोळ्या आपल्या मनाने थांबवू नयेत. निजिन्स्कींना जी वाट कधी मिळालीच नाही, ती आज अनेकांसाठी खुली आहे.