सहकाऱ्यांची साथ : राजगडाची शिकवण

वाचकहो, शाळा असो, कचेरी असो वा कारखाना. चार माणसांकडून काम करून घेणाऱ्यापुढे एक प्रश्न कायम उभा असतो. अडचणीच्या वेळी ही माणसे माझ्याबरोबर राहतील काय? भोर-वेल्ह्याच्या मुलखात घडलेले एक थोर चरित्र या प्रश्नाचे उत्तर देते.

शिवाजी महाराजांचा जन्म १६३० साली शिवनेरीवर झाला. तोरणा हाती आल्यावर त्यांनी मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभारला व सुमारे २५ वर्षे तेथून कारभार पाहिला. मावळचे देशमुख त्यांचे सोबती. पण देशमुखांना वतन प्राणाहून प्रिय, आणि ते राखणे विजापूरच्या मर्जीवर, हे ध्यानात घ्या.

१६५९ साली अफजलखान चालून आला. खानास मिळावे, अशी फर्माने देशमुखांना सुटली. भोर तालुक्यातील कारीचे कान्होजी जेधे मात्र मुलांसह महाराजांकडे आले व त्यांनी वतनावर पाणी सोडले. महाराज नुसती शाबासकी देऊन थांबले नाहीत. जेध्यांचा कबिला त्यांनी तळेगावास सुरक्षित हलविला. लढाईनंतर जखमींना जखमेच्या मानाने रक्कम मिळाली, मृतांच्या मुलांना चाकरी आणि मुलगा नसल्यास विधवेला निम्मे वेतन मिळाले, असे सभासद बखर सांगते.

नेमणुकीत त्यांनी लायकी पाहिली. पायदळाचे सरनोबत नूर बेग होते, आरमारात दौलतखान होते आणि खानाच्या भेटीच्या वेळी अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम होते.

शिस्तही कडक होती. १६६६ साली पन्हाळ्याच्या हल्ल्यात वेळेवर न पोचलेल्या नेताजी पालकरांना पदावरून दूर केले गेले आणि हा मोहरा शत्रूकडे गेला. कठोर निर्णयाची किंमत मोठ्यांनाही मोजावी लागते. तरी १६७६ साली नेताजी परतले, तेव्हा महाराजांनी त्यांना सामावून घेतले.

खरी कसोटी आग्र्याची. मार्च १६६६ मध्ये महाराज राजगडावरून निघाले. ऑगस्टमध्ये कैदेतून निसटले. एवढे महिने धनी दूर, तरी जिजाबाई आणि मोरोपंतादी कारभाऱ्यांनी राज्य सांभाळले. १६८० साली महाराज वारले. त्यानंतरही मराठे औरंगजेबाशी १७०७ पर्यंत झुंजत राहिले.

वाचकहो, आपण महिनाभर रजेवर गेलात, तर मागे काम चालेल काय? आपल्या हाताखालच्या माणसाच्या घरी दुखणे आले, तर ते आपणास ठाऊक असते काय? या दोन प्रश्नांची उत्तरे आपली आपणच द्यावीत.