विश्लेषण : स्तनाचा नवा उभार केवढा आणि कुठे? हा प्रश्न पहिल्यांदा सोडवणारे डॉ. चेर्नी कोण होते?

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगावकडच्या रुग्ण महिलेची अकोला, छत्रपती संभाजीनगर, नागपूर किंवा थेट मुंबई अशी फरफट सुरू होते. गाठ, केमो, रेडिएशन हे शब्द चार दिवसांत घरातल्या सगळ्यांच्या तोंडी बसतात. पण डॉक्टर कधी कधी आणखी एक प्रश्न विचारतात आणि त्यावर मात्र घरात कोणी चकार शब्द काढत नाही. काढलेल्या स्तनाच्या जागी नवा उभार हवा का? हवा असेल तर केवढा, आणि तो छातीच्या स्नायूच्या वर बसवायचा की खाली? सिलिकॉनचे इम्प्लांट येण्याच्या सुमारे सत्तर वर्षे आधी, १८९३ मध्ये, जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात विन्सेंझ चेर्नी या शल्यचिकित्सकासमोर हाच पेच उभा राहिला होता. स्तन पुनर्रचनेची पहिली नोंद त्यांच्या नावावर आहे.

कोण होते चेर्नी?

चेर्नी यांचा जन्म १९ नोव्हेंबर १८४२ रोजी बोहेमियातील ट्राउटेनाऊ या गावी झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात असून त्याला ट्रुटनोव्ह म्हणतात. वडील औषधविक्रेते होते. प्राग आणि नंतर व्हिएन्ना येथे शिक्षण घेऊन १८६६ मध्ये ते डॉक्टर झाले. सुरुवातीला त्यांचा ओढा डोळ्यांच्या विकारांकडे होता. प्रखर सूर्यप्रकाशाने डोळ्याच्या पडद्याला कशी इजा होते, यावर त्यांनी प्रयोगही केले होते. पुढे ते थिओडोर बिलरोथ यांच्या हाताखाली आले आणि त्यांची वाट बदलली.

बिलरोथ म्हणजे त्या काळातील शस्त्रक्रियेचे विद्यापीठच. १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात चेर्नी त्यांच्यासोबत जखमी सैनिकांवर उपचार करत होते. त्याच सुमारास त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून स्वरयंत्र काढल्यानंतरही प्राणी जगू शकतो, हे दाखवले. त्या आधारावर बिलरोथ यांनी १८७३च्या अखेरीस कर्करोग झालेल्या एका रुग्णाचे संपूर्ण स्वरयंत्र काढले. तिशीही ओलांडली नव्हती तेव्हा, १८७१ मध्ये, चेर्नी फ्रायबर्ग येथे प्राध्यापक झाले. तिथे नामवंत वैद्य आडोल्फ कुसमाऊल यांची कन्या लुईझ हिच्याशी त्यांचा विवाह झाला. १८७७ मध्ये ते हायडेलबर्गला गेले आणि अखेरपर्यंत तिथलेच झाले.

अन्ननलिकेचा कर्करोगग्रस्त भाग काढणे, योनिमार्गातून संपूर्ण गर्भाशय काढणे, अशा त्या काळी अशक्य वाटणाऱ्या शस्त्रक्रिया त्यांनी १८७७-७८ या दोन वर्षांत केल्या. थोडक्यात, रोगट भाग शरीराबाहेर काढण्यात त्यांचा हातखंडा होता. काढल्यानंतर उरलेल्या खड्ड्याचे काय करायचे, हा विचार त्या पिढीत फारसा होत नव्हता. रुग्ण जगला, हेच पुष्कळ मानले जाई.

जर्मनीतल्या या कथेत पुणे कुठून आले?

शरीराचा गेलेला भाग शरीराच्याच दुसऱ्या भागातून घडवण्याची कला युरोपात नव्याने रुजली, ती पुण्यातल्या एका घटनेमुळे. कावसजी नावाचा इंग्रजी फौजेचा बैलगाडीवान टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला होता आणि तिथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला होता. पुण्याजवळच्या एका वीट-कुंभारकाम करणाऱ्या समाजातील कारागीर वैद्याने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक दिले. मापासाठी त्याने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून पाहिला, मग तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याभोवती रेघ ओढली. आधी माप, मग सुरी. १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात ही हकिकत छापून आली. इंग्लंडमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये ही पद्धत वापरली आणि तिथून ती जर्मनीत पोहोचली. बर्लिनच्या ग्रेफे यांनी १८१८ मध्ये नाकाच्या पुनर्रचनेवर ग्रंथ लिहिला. चेर्नी घडले ते याच जर्मन परंपरेत.

१८९३ मध्ये नेमके काय घडले?

चेर्नींकडे आलेली महिला ४१ वर्षांची, रंगमंचावर काम करणारी कलावती होती. तिच्या एका स्तनात त्रासदायक गाठ होती. ती कर्करोगाची नव्हती, पण दुखणाऱ्या ग्रंथीसह काढावी लागणार होती. काढली असती तर एक बाजू सपाट झाली असती, आणि तिचे पोट रंगमंचावर चालत होते. योगायोग असा की, तिच्या कमरेच्या बाजूला मुठीएवढी चरबीची एक निरुपद्रवी गाठ होती. चेर्नी यांनी स्तनातील रोगट ग्रंथी काढली, वरची त्वचा आणि स्तनाग्र शाबूत ठेवले, कमरेची गाठ काढून त्या रिकाम्या जागेत बसवली आणि टाके घातले. जखम भरली. दोन्ही बाजू बऱ्यापैकी सारख्या दिसू लागल्या. १८९५ मध्ये त्यांनी शल्यचिकित्सेच्या एका जर्मन नियतकालिकात ही केस प्रसिद्ध केली.

या शस्त्रक्रियेत आकाराची निवड अशी झालीच नाही. गाठ जेवढी होती तेवढाच नवा उभार मिळाला, आणि दुसऱ्या स्तनाशी तो जुळला हे नशीब. अशी सोयीची गाठ प्रत्येकीच्या अंगावर नसते, आणि रक्तपुरवठा तुटलेली चरबी दुसरीकडे लावली की तिचा बराच भाग शरीर विरघळवून टाकते. त्यामुळे चेर्नींचा प्रयोग गाजला, पण त्याची पद्धत झाली नाही. शिवाय १८९४ मध्ये अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तनासह छातीचे स्नायूही काढण्याच्या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष मांडले. पुढची कित्येक दशके कर्करोगाच्या रुग्णांवर तीच शस्त्रक्रिया होत राहिली. त्यात नवा उभार बसवायला धड जागाही उरत नसे.

चेर्नींच्या गाठीपासून सिलिकॉनपर्यंत

मधल्या काळाचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. बिलरोथ यांचेच दुसरे शिष्य रॉबर्ट गेरसुनी यांनी १८९९च्या सुमारास शरीरात पॅराफिन टोचून उभार आणण्याची टूम काढली. पुढे ती स्तनांसाठीही वापरली गेली आणि कडक गाठी, न भरणाऱ्या जखमा अनेकींच्या वाट्याला आल्या. १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो यांनी सिलिकॉनच्या पिशवीत सिलिकॉनचेच जेल भरून पहिले इम्प्लांट बसवले. रक्ताची प्लास्टिकची पिशवी हातात घेतल्यावर गेरो यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. आता उभार कारखान्यात तयार होऊ लागला आणि आकार निवडता येऊ लागला. पेच खरा तिथून सुरू झाला.

आज आकार कसा ठरतो?

इम्प्लांटचा आकार सीसीमध्ये मोजतात. साधारण १०० पासून ८०० सीसीपर्यंत ती मिळतात. ३०० सीसीच्या सिलिकॉन इम्प्लांटचे वजन जवळपास ३०० ग्रॅम, म्हणजे पाव किलोहून थोडे जास्त. मात्र हा आकडा एकटा काही सांगत नाही. अरुंद छातीच्या महिलेला ३०० सीसी जड वाटेल, रुंद छातीच्या महिलेवर तेच जेमतेम दिसेल. म्हणून शल्यचिकित्सक आधी छातीवर स्तनाच्या पायाची रुंदी मोजतात, चिमटीत धरून त्वचा आणि चरबीची जाडी पाहतात, त्वचा किती ताणली जाते ते बघतात. इम्प्लांट पायापेक्षा रुंद निवडले तर ते काखेकडे किंवा मधोमध सरकते. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या स्तनाचे वजन ऑपरेशन थिएटरमध्येच केले जाते आणि त्यावरूनही अंदाज बांधतात. त्वचा कमी पडत असेल तर आधी हवा तसा फुगवता येणारा फुगा बसवून, त्यात काही आठवडे थोडे थोडे सलाइन भरून जागा तयार करतात.

घरी अंदाज घेण्याचा साधा मार्गही आहे. मोजून घेतलेले तांदूळ मऊ पिशवीत भरून ब्रामध्ये ठेवायचे आणि दोन दिवस घरातली कामे करून बघायची. दिसण्याचा अंदाज त्यातून अर्धामुर्धाच येतो, पण वजन नक्की कळते. पुण्याच्या त्या कारागिराचा मेणाचा पत्रा इथे आठवावा.

मोठा आकार निवडला की त्वचेवर ताण वाढतो, खालची ऊती पातळ होते आणि पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता वाढते. इम्प्लांट जन्मभराचे नसते, हे निवड करतानाच माहीत असलेले बरे.

स्नायूच्या वर की खाली?

चेर्नींनी चरबीची गाठ त्वचेखाली, ग्रंथीच्या जागेतच ठेवली होती. म्हणजे आजच्या भाषेत स्नायूच्या वर. या पद्धतीत दुखणे कमी आणि बरे होणे लवकर. पण वरची त्वचा पातळ असेल तर इम्प्लांटच्या कडा आणि सुरकुत्या दिसतात. स्नायूच्या खाली बसवले तर वर जाड पांघरूण मिळते, मॅमोग्राफी वाचणेही सोपे जाते. मात्र सुरुवातीला दुखते, आणि हाताने जोर लावला की स्नायू आवळून इम्प्लांट हलल्यासारखे दिसते. शहरातल्या कार्यालयात बसून काम करणारीला याचे फारसे वाटणार नाही. कपाशी वेचणारी, निंदणी-खुरपणी करणारी, डोक्यावर हंडा वाहणारी बाई हाच स्नायू दिवसभर वापरते. तिने आपल्या कामाचे स्वरूप डॉक्टरांना सांगितले नाही, तर ते फाइलवर कधीच येत नाही.

रेडिएशन होणार असेल तर हिशेब आणखी बदलतो. प्रत्येक इम्प्लांटभोवती शरीर एक आवरण तयार करते. रेडिएशननंतर ते घट्ट होऊन उभार कडक, वेडावाकडा होण्याचा धोका वाढतो. अशा वेळी पाठीचा स्नायू किंवा पोटाची चरबी वापरणे अनेकदा श्रेयस्कर ठरते. २०१९ मध्ये खरबरीत पृष्ठभागाची काही इम्प्लांट एका दुर्मीळ कर्करोगाशी संबंध आढळल्याने जगभरातून परत मागवण्यात आली. त्यामुळे आकार आणि जागेबरोबर पृष्ठभाग कोणता, हेही विचारायला हवे. बसवलेल्या इम्प्लांटचे कार्ड जपून ठेवावे. आणि पुनर्रचना नको, हाही पूर्ण उपचारच आहे.

चेर्नींचे पुढे काय झाले?

१८९४ मध्ये बिलरोथ गेले. त्यांच्या जागी व्हिएन्नाला येण्याचे निमंत्रण चेर्नींना मिळाले, पण त्यांनी हायडेलबर्ग सोडले नाही. वय वाढत गेले तशी एक गोष्ट त्यांना छळू लागली. त्यांनी सुरीने काढलेला कर्करोग अनेक रुग्णांत परत येत होता. १९०६ मध्ये त्यांनी शस्त्रक्रिया विभाग सोडला आणि देणग्या गोळा करून हायडेलबर्गमध्ये कर्करोग संशोधनाची संस्था उभारली. प्रयोगशाळा आणि रुग्णालय एकाच छताखाली, ही त्या काळी नवी गोष्ट होती. मुंबईत टाटा मेमोरियल उभे राहायला अजून ३५ वर्षे होती. तिथे चेर्नी क्ष-किरण आणि रेडियमचे उपचार करू लागले. त्या किरणांपासून डॉक्टरांनीही जपायचे असते, हे तेव्हा पुरते उमगले नव्हते. ३ ऑक्टोबर १९१६ रोजी रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यामागे हेच किरण असावेत, असे मानले जाते.

चेर्नी हायडेलबर्गमध्ये नावारूपाला येत होते त्याच काळात, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध झाले होते. बाईने कसे असावे हे ठरवणाऱ्यांना ताराबाईंनी त्यात धारेवर धरले होते. हायडेलबर्गच्या त्या कलावतीचे म्हणणे मात्र कुठे छापले गेले नाही. नोंदीत तिचे वय आहे, व्यवसाय आहे, गाठीचा आकार आहे. नाव नाही, आणि नवा उभार तिला कसा वाटला, हेही नाही.