एडमंड गुंटर : साखळीत जमीन बांधणारा गणिती

शेताच्या बांधावरून होणारे तंटे जगाच्या पाठीवर सर्वत्र सारखेच. मोजणीत चूक झाली की कोणाचे तरी शेत घटते. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये हा प्रश्न बिकट होता. तेथे जमीन मोजण्याची काठी साडेसोळा फुटांची आणि एकर 160 चौरस काठ्यांचा. अपूर्णांकांच्या या जंजाळात सामान्य मोजणीदाराचा हिशेब हमखास चुके. त्यावर साधा तोडगा काढला एडमंड गुंटर यांनी.

गुंटर यांचा जन्म 1581 चा. ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेऊन 1615 मध्ये ते लंडनमधील एका चर्चचे धर्मोपदेशक झाले. मात्र त्यांचा ओढा गणिताकडे आणि त्याहूनही गणिती उपकरणांकडे होता. 1619 मध्ये ऑक्सफर्डला भूमितीचे नवे अध्यासन निघाले. गुंटर यांची उपकरणे संस्थापक हेन्री सॅव्हिल यांना केवळ हातचलाखी वाटली, असे सांगितले जाते. ते पद गुंटर यांचे स्नेही हेन्री ब्रिग्ज यांना मिळाले. गुंटर लंडनच्या ग्रेशम महाविद्यालयात खगोलशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि मृत्यूपर्यंत तेथेच राहिले.

1620 च्या सुमारास त्यांनी 66 फुटांची साखळी सिद्ध केली. जुन्या 4 काठ्या म्हणजे एक साखळी, 80 साखळ्यांचा एक मैल आणि 10 चौरस साखळ्यांचा एक एकर. परंपरागत मापे त्यांनी मोडली नाहीत. साखळीच्या मात्र 100 कड्या केल्या. त्यामुळे दशांश पद्धत शेतात उतरली. 12 साखळ्या 50 कड्या लांब आणि 8 साखळ्या रुंद शेताचा गुणाकार 100 येतो. त्याला 10 ने भागले की 10 एकर. अपूर्णांकांशी झुंजण्याचे कारणच उरले नाही.

एक कडी 7.92 इंचांची. 1959 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार इंच 25.4 मिलिमीटरचा ठरला; त्या हिशेबाने कडी 2,01,168 मायक्रोमीटर भरते. मीटरचा एक हजार कोटीवा भाग असलेल्या अँगस्ट्रॉममध्ये ती 201 कोटी 16 लाख 80 हजार होते. अणूंची अंतरे सांगणारे एकक आणि चिखलातून ओढली जाणारी साखळी यांच्यातील हा पूल निव्वळ दशांशचिन्ह सरकवून बांधता येतो.

त्याच 1620 मध्ये गुंटर यांनी त्रिकोणमितीची लॉगरिथम कोष्टके प्रसिद्ध केली. कोसाइन आणि कोटँजंट हे शब्दही त्यांचेच. त्यांची लॉगरिथमची पट्टी खलाशांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरली.

एका मोजमापाने मात्र त्यांना हुलकावणी दिली. लंडनजवळ 1580 मध्ये होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून 11 अंशांहून अधिक ढळलेली आढळली होती. 1622 मध्ये गुंटर यांना हा फरक सुमारे 6 अंशच दिसला. त्यांनी जुन्या मोजणीला दोष दिला. प्रत्यक्षात मोजण्या बरोबर होत्या. पृथ्वीचे चुंबकत्वच बदलत होते. 10 डिसेंबर 1626 रोजी गुंटर निवर्तले. त्यांच्या जागी आलेल्या हेन्री गेलिब्रँड यांनी पुन्हा मोजणी करून 1635 मध्ये हा बदल जगापुढे मांडला. मापांवर हयात घालवलेल्या माणसाने आपल्याच मापाचा अर्थ ओळखला नाही, हा त्यांच्या चरित्रातील चटका.

साखळी मात्र दूरवर पोहोचली. मुंबई इलाख्याच्या मोजणीत तिच्या निम्मी, 33 फुटांची आणि 16 आण्यांची साखळी रूढ झाली. तिचा चौरस म्हणजे गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. सातबारा वाचणाऱ्या कोणालाही हे गणित परके नाही. आणि क्रिकेटच्या मैदानावर दोन यष्ट्यांमधील 22 यार्डांचे अंतर म्हणजे गुंटर यांची एक पूर्ण साखळी.