बाईंनी अर्ध्यावर सोडलेली गोष्ट

नववीतला पावसाळ्यातला तो ऑफ तास आपल्यापैकी काहीजणींना तरी आठवत असेल. गणिताचे सर रजेवर होते आणि इतिहासाच्या बाई वर्गावर आल्या होत्या. बाहेर पाऊस इतका की फळ्यावर लिहिण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्यांनी गोष्ट सांगायला घेतली. एका अमेरिकन मुलीची, एका रात्रीची. गोष्ट संपत आली आणि घंटा झाली. मधल्या सुट्टीत डबे उघडले तरी मुलींच्या बाकांवर बराच वेळ कोणी बोलत नव्हते.

पुढे मी नर्सिंगला गेले आणि नोकरीतली बहुतेक वर्षे एएनएमच्या मुलींना शिकवण्यात गेली. त्या काळात मला कळले, की बाईंनी सांगितली ती निम्मीच गोष्ट होती. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा ठरवले, ती पुरी करून टाकावी.

डॉ. आयडा स्कडर यांचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजी तमिळ मुलखातल्या राणीपेट येथे झाला. घराणे मिशनरी डॉक्टरांचे. आजोबा १८१९ साली अमेरिकेहून निघाले, आधी सिलोनला आणि मग मद्रास इलाख्यात आले. वडीलही डॉक्टर. आयडा लहान असताना, १८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. आपल्या दख्खननेही तो भोगला. भुकेने मेलेली माणसे त्या पोरीने रस्त्यावर पाहिली. पुढे शिकायला अमेरिकेत गेल्यावर तिने मनाशी पक्के केले होते, की काही झाले तरी परत हिंदुस्थानात राहायचे नाही.

आईच्या आजारपणामुळे ती थोड्या दिवसांसाठी म्हणून तिंडिवनमला आली. तिथल्या एका रात्री तीन पुरुष पाठोपाठ बंगल्यावर आले. एक ब्राह्मण, एक मुसलमान आणि एक दुसऱ्या जातीचा हिंदू. तिघांच्याही तरुण बायका बाळंतपणात अडल्या होत्या. आयडाने वडिलांचे नाव सुचवले, पण परपुरुषाने बाळंतिणीला हात लावणे तिघांनाही मान्य नव्हते. त्यांना आयडा हवी होती आणि आयडाला त्यातले काही येत नव्हते. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. इथे बाईंची गोष्ट संपली होती.

आता पुढचे.

आयडाने डॉक्टर व्हायचे ठरवले आणि १८९५ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. हे नाव आपल्याला परके नाही. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली तिथूनच डॉक्टर झाल्या होत्या. कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांची नेमणूकही ठरली होती; पण कामावर रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात त्यांचे निधन झाले. एकीच्या जाण्याने केवढी जागा रिकामी राहते, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले. आयडाने शेवटचे वर्ष न्यूयॉर्कच्या कॉर्नेलमध्ये काढले, कारण तिथे मुलींना नुकताच प्रवेश मिळू लागला होता. १८९९ मध्ये ती डॉक्टर झाली. निघण्यापूर्वी एका वृद्ध गृहस्थांनी दिवंगत पत्नीच्या नावाने इस्पितळ बांधण्यासाठी दहा हजार डॉलर दिले.

१९०० च्या सुरुवातीला डॉ. स्कडर वेल्लोरला आल्या आणि त्याच वर्षी वडील वारले. अनुभवी हात पाठीशी राहिला नाही. सुरुवातीला लोक बिचकत. बंगल्यातल्याच एका खोलीत दवाखाना सुरू झाला आणि घरात काम करणारी बाई मदतनीस झाली. पट्ट्या बांधणे, औषध देणे ती पाहून पाहून शिकली. मला वाटते, पुढच्या साऱ्या शिक्षणसंस्थेची पहिली विद्यार्थिनी हीच. १९०२ साली चाळीस खाटांचे इस्पितळ उभे राहिले.

लवकरच एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. रात्रंदिवस राबूनही एक डॉक्टर किती दारांपर्यंत पोचणार? त्या वेल्लोरहून गुडियात्तमच्या रस्त्याने ठरल्या दिवशी जाऊ लागल्या, आधी बैलगाडीने आणि पुढे मोटारीने. ठरावीक झाडांखाली थांबायचे, तिथे जमलेल्यांचे डोळे, खरूज, गळवे पाहायची, औषधे द्यायची. पण झाडापर्यंत येऊ न शकणाऱ्या बायका घरातच राहत. तिंडिवनमची ती रात्र शेकडो गावांत रोज घडत होती. यावर उपाय एकच होता. त्या भागातल्या मुलींनाच शिकवायचे, म्हणजे गावोगावी बाईमाणूस हाताशी असेल. १९०९ मध्ये परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. मग त्यांनी मुलींच्या वैद्यकीय शाळेचा ध्यास घेतला.

इलाख्याच्या वैद्यकीय खात्याच्या प्रमुखांना वाटत होते, की या शाळेला चार-सहा मुलीही मिळणार नाहीत. प्रत्यक्षात अर्ज इतके आले की कितीतरी मुलींना परत पाठवावे लागले. १२ ऑगस्ट १९१८ रोजी शाळा उघडली. डॉ. स्कडर स्वतः शरीररचना शिकवत. मुलांच्या तुलनेत या मुली सरकारी परीक्षेत टिकणार नाहीत, असा जाणकारांचा होरा होता. त्या पहिल्या परीक्षेला बसलेल्या चौदाच्या चौदा मुली उत्तीर्ण झाल्या. इलाख्यातल्या पुरुष परीक्षार्थींत पाचातला एक पास झाला होता. आपल्या शाळेत निकालाच्या दिवशी फळ्याभोवती जी गर्दी व्हायची, ती आठवली की त्या दिवशीचे वेल्लोर डोळ्यांपुढे येते.

खरी कसोटी वीस वर्षांनी लागली. ही शाळा पदवी नव्हे, पदविका देत असे. मद्रास सरकारने १९३८ च्या सुमारास ठरवले, की यापुढे डॉक्टर व्हायचे तर विद्यापीठाची पदवीच हवी. त्यासाठी मोठे इस्पितळ, प्रयोगशाळा, उच्चशिक्षित प्राध्यापक लागणार होते. पैसा नव्हता आणि डॉ. स्कडर सत्तरीला टेकल्या होत्या. शाळा बंद करून त्या मानाने निवृत्त झाल्या असत्या, तर कोणी बोल लावला नसता. त्याऐवजी ऐन महायुद्धात त्या अमेरिकेत गेल्या आणि गावोगाव भाषणे देत निधी गोळा करीत राहिल्या. लक्ष्य होते दहा लाख डॉलरचे. १९४२ साली मद्रास विद्यापीठाने एमबीबीएसच्या अभ्यासक्रमाला मान्यता दिली.

आणखी एक कडू घोट होता. संस्था टिकायची तर मुलांनाही प्रवेश द्यावा लागणार होता. केवळ स्त्रियांसाठी म्हणून ज्यांनी आयुष्यभर पैसा उभा केला, त्या जुन्या साथीदारांपैकी काहींना हा विश्वासघात वाटला. डॉ. स्कडर यांचे मनही दुखले असणार, कारण शाळेचा जन्मच मुलींसाठी झाला होता. पण त्यांनी होकार दिला. १९४७ पासून मुले आली आणि मुलींच्या जागाही राहिल्या. १९४६ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि लवकरच डॉ. हिल्डा लाझरस या भारतीय स्त्रीकडे संस्थेची सूत्रे आली. त्याच सुमारास तिथे नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. देशातल्या अगदी पहिल्यांपैकी तो एक.

२४ मे १९६० रोजी कोडाईकनाल येथे डॉ. स्कडर यांचे निधन झाले. वय एकोणनव्वद. वेल्लोरचे इस्पितळ आज देशभरातल्या रुग्णांना माहीत आहे. तिथून शिकून बाहेर पडणाऱ्या कित्येकांना आधी काही वर्षे लहान, अडचणीच्या ठिकाणच्या इस्पितळांत काम करावे लागते. झाडाखालचा दवाखाना अशा रीतीने अजून चालू आहे.

मी शिकवलेल्या मुलींपैकी एकीचा परवा फोन आला. पाड्यावर रात्री अडलेली बाळंतीण तिने वेळेत गाडीत घालून तालुक्याला पोचवली, आई आणि बाळ दोघेही सुखरूप. फोन ठेवल्यावर मला आयडा स्कडर आठवल्या आणि त्यांच्याआधी आपल्या बाई. बाई, त्या दिवशी घंटा झाली म्हणून तुमची गोष्ट राहिली होती. संमेलनात भेटाल तेव्हा हे पान तुम्हाला वाचून दाखवीन.