विश्लेषण : भवभूतीची आत्रेयी आश्रम सोडून का गेली? पदमपूरच्या नाटककाराने मांडलेला वर्गातला प्रश्न

गोंदिया जिल्ह्यात भवभूतीचे नाव पाटीवर दिसते. आमगावचे महाविद्यालयच त्याच्या नावाने आहे. संस्कृतात कालिदासानंतर ज्याचे नाव घेतले जाते तो हा नाटककार. पण वर्गात एकच गोष्ट शिकवली तरी काहींना कळते आणि काहींना का कळत नाही, हा आजच्या प्राध्यापकांना छळणारा प्रश्न त्याने साधारण तेराशे वर्षांपूर्वी रंगमंचावर आणला होता, हे फारसे सांगितले जात नाही.

कोण होता भवभूती?

त्याच्याबद्दलची बहुतेक माहिती त्याच्याच नाटकांच्या प्रस्तावनांतून मिळते. पद्मपूर हे गाव, उदुंबर हे घराणे, काश्यप गोत्र, तैत्तिरीय शाखा. आजोबा भट्ट गोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी. श्रीकंठ ही त्याची उपाधी. महत्त्वाचे म्हणजे तो आपल्या गुरूचेही नाव सांगतो, ज्ञाननिधी. व्याकरण, मीमांसा आणि न्याय या तिन्ही शास्त्रांत तो पारंगत होता.

काळ साधारण आठव्या शतकाचा पूर्वार्ध. कनौजचा राजा यशोवर्मा याच्या पदरी वाक्पतिराज आणि भवभूती होते, असे बाराव्या शतकातील काश्मिरी इतिहासकार कल्हणाने ‘राजतरंगिणी’त नोंदवले आहे. ‘महावीरचरित’, ‘मालतीमाधव’ आणि ‘उत्तररामचरित’ ही त्याची तीन नाटके. ती कालप्रियनाथाच्या यात्रेत रंगली. यशही लगेच मिळाले नसावे. ‘मालतीमाधव’च्या प्रस्तावनेत तो आपल्या टीकाकारांना ठणकावतो आणि आपल्याला समजून घेणारा कोणी तरी पुढे जन्मेल, असा भरवसा धरतो.

पद्मपूर म्हणजे पदमपूरच का?

नागपूरचे प्राच्यविद्या संशोधक वा. वि. मिराशी यांनी विदर्भातील हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे मत मांडले. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याचा भवभूतीवरचा हक्क प्रामुख्याने या मतावर उभा आहे. तो गाव सोडून उत्तरेत गेला, हे मात्र त्याच्या आयुष्यातून आणि नाटकांतूनही दिसते. ‘मालतीमाधव’चा नायक माधव हा विदर्भाच्या मंत्र्याचा मुलगा आणि तो न्यायशास्त्र शिकायला पद्मावतीला जातो. पुढच्या शिक्षणासाठी विदर्भातून बाहेर पडणारा विद्यार्थी आपल्या साहित्यात इतका जुना आहे.

आत्रेयीची अडचण नेमकी काय?

‘उत्तररामचरित’च्या दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला आत्रेयी नावाची विद्यार्थिनी दंडकारण्यातून एकटी चालत येते. वाल्मीकींचा आश्रम सोडून ती अगस्त्यांकडे वेदान्त शिकायला निघाली आहे. वाटेत भेटलेली वनदेवता वासंती आश्चर्याने विचारते, वाल्मीकींसारखा गुरू असताना इतकी पायपीट कशासाठी?

आत्रेयी दोन कारणे देते. पहिले म्हणजे वर्गात लव आणि कुश आहेत. दोघे इतके तल्लख की त्यांच्या बरोबरीने शिकणे तिला जमत नाही. दुसरे कारण वाचून आजचे प्राध्यापक हसतील किंवा दचकतील. क्रौंचवधाच्या प्रसंगानंतर वाल्मीकी रामायण रचण्यात गढून गेले आहेत आणि अध्यापन मागे पडले आहे. शोधनिबंधाच्या गडबडीत तासाला न येणारे सर आपल्या ओळखीचे आहेतच.

गुरू हुशार आणि मंद दोघांनाही सारखेच देतो, पण समजण्याची शक्ती तो घालूही शकत नाही आणि काढूही शकत नाही. स्वच्छ मण्यात प्रतिबिंब उमटते, मातीच्या ढेकळात नाही, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. हा दाखला पुढे सुभाषित म्हणून गाजला आणि शिक्षकांच्या सोयीचा ठरला. विद्यार्थ्याला कळले नाही? मग तो ढेकूळ!

पण हे बोलणारी आत्रेयी स्वतः काय करते, ते पाहायला हवे. ती ढेकूळ होऊन बसून राहत नाही. आपल्याला झेपेल असा वर्ग शोधत ती अरण्य ओलांडते. भवभूती तिची टिंगलही करत नाही. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी सगळा तास पहिल्या बाकाच्या वेगाने चालायचा, तेव्हा मागे बसलेल्या आम्हा काही जणांना ही आत्रेयी कोणी तरी सांगायला हवी होती.

अर्थात हा काळ सर्वांना ज्ञान देणारा नव्हता. तपश्चर्या करतो म्हणून शूद्र शंबूकाला मारायला राम निघाला आहे, ही बातमीही याच प्रवेशात आत्रेयीच सांगते. भवभूतीचे गोडवे गाताना हा भाग वगळता येत नाही.

घोडा पुस्तकातला आणि समोरचा

चौथ्या अंकात पाहुणे आल्याने आश्रमाला सुट्टी मिळते. मुले खूश. तेवढ्यात एक प्राणी दिसतो आणि ती धावत लवाला सांगायला येतात: झुपकेदार शेपूट, लांब मान, चार खूर, गवत खातो. घोडा हा शब्द त्यांनी ग्रंथात वाचला आहे, प्रत्यक्ष घोडा मात्र आजच दिसतो. लव घोडा पाहतो, भोवतीचे शेकडो रक्षक पाहतो आणि ओळखतो की हा अश्वमेधाचा घोडा आहे. तो भाग तुम्हीही शिकलाच आहात ना, असे तो मित्रांना सुनावतो.

पाठ सगळ्यांचा एकच, ओळखता मात्र एकालाच आले. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर यांना १९९०च्या दशकात हेच दिसले. विद्यार्थी पुस्तकी गणिते सोडवत, पण साध्या संकल्पनेवरच्या प्रश्नात अडखळत. मग त्यांनी तासाचा ढंग बदलला. आधी प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने उत्तर नोंदवायचे, शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे. ही पद्धत अनेक देशांत पोहोचली. शेजाऱ्याला नुकतेच कळलेले असते, त्यामुळे आपण कुठे अडलो हे त्याला सरांपेक्षा लवकर उमगते, असे त्यामागचे साधे कारण आहे. आश्रमात लव जे मित्रांवर डाफरून करतो, ते मझूर यांनी तासाचा भाग केले.

आणि आत्रेयी? पंचवटी ओळखल्यावर सीतेच्या आठवणीने तिचे डोळे भरून येतात. वासंती तिला वाट दाखवते, पंचवटीत शिरून गोदावरीच्या काठाकाठाने जायचे. ती निघते. अगस्त्यांकडे तिला वेदान्त कळला की नाही, हे भवभूतीने सांगितलेले नाही.