‘सायंटिस्ट’ हा शब्द आला कुठून? ॲनोड-कॅथोडचे नामकरण करणाऱ्या विल्यम ह्यूएल यांची गोष्ट

शाळेत ॲनोड कोणता आणि कॅथोड कोणता, हे पाठ करताना गल्लत झाली नाही असा विद्यार्थी विरळाच. ही नावे सुचवली विल्यम ह्यूएल यांनी. तुकडे जोडून शब्द बनवण्यात त्यांचा हातखंडा होता.

ह्यूएल यांचा जन्म १७९४ चा, इंग्लंडमधील लँकेस्टरचा. वडील सुतार. मुलगा केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकला आणि १८४१ मध्ये त्याच कॉलेजचा प्रमुख झाला.

१८३४ मध्ये मायकल फॅरेडे यांनी त्यांना पत्र लिहिले. लोहाराचा मुलगा असलेल्या फॅरेडेंना ग्रीक येत नव्हते. विजेच्या प्रवाहाबद्दलचा सिद्धांत उद्या बदलला तरी चुकीची ठरणार नाहीत, अशी नावे त्यांना हवी होती. ह्यूएल यांनी ग्रीकमधला ‘होडॉस’ घेतला, म्हणजे वाट. त्याआधी ‘ॲना’ (वर) लावले की ॲनोड, ‘काटा’ (खाली) लावले की कॅथोड. ‘आयन’ म्हणजे जाणारा. त्यालाही तेच दोन तुकडे लावून ॲनायन आणि कॅटायन! पुढे विसाव्या शतकात ‘डायोड’ आला, त्यातला ‘डाय’ म्हणजे दोन. आपल्या मोबाइलच्या चार्जरमध्येही तो असतो. ‘मेथड’ या जुन्या शब्दातही हीच वाट दडली आहे.

‘सायंटिस्ट’चे मात्र वांधे झाले. १८३३ मध्ये केंब्रिजच्या विज्ञान परिषदेत कवी कोलरिज यांनी प्रयोग करणाऱ्यांना ‘फिलॉसॉफर’ म्हणण्यास हरकत घेतली. मग ‘आर्ट’चा ‘आर्टिस्ट’ होतो, तसा ‘सायन्स’चा ‘सायंटिस्ट’ का नको, असे ह्यूएल यांनी सुचवले. कुणाला ते फारसे रुचले नाही. १८४० मध्ये त्यांनी आपल्या ग्रंथात तो पुन्हा मांडला, सोबत ‘फिजिसिस्ट’ही. त्यातले ओळीने येणारे ‘स’ फॅरेडेंना खटकले.

‘सायंटिस्ट’वर मोठा आक्षेप होता भेसळीचा. ‘सायन्स’ लॅटिन, ‘इस्ट’ मुळात ग्रीक. हा न्याय लावला तर आपला ‘बेसूर’सुद्धा बाद! त्यातला ‘बे’ फारसी आणि ‘सूर’ संस्कृत ‘स्वर’वरून आलेला.

१८६६ मध्ये घोड्यावरून पडून ह्यूएल यांचे निधन झाले. तोवर अमेरिकेत ‘सायंटिस्ट’ रुळू लागला होता. ब्रिटनमध्ये १८९४ मध्येही जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली त्याला नाके मुरडत होते.