मार्कोनी, दौंड आणि आमची मागची खोली

माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे काना-मात्रा इकडेतिकडे झाल्या तर चालवून घ्या. मार्कोनीला आपण शाळेत दोन ओळींत संपवतो: रेडिओ, नोबेल, पुढचा धडा. मीही संपवला होता. मागच्या सुट्टीत सेमिनारसाठी त्याचं चरित्र लायब्ररीतून घेतलं आणि उधव्याला घरी गेले.

घरी वेगळंच चाललं होतं. तीन डब्यांचं मेश वायफाय बसवलेलं: एक ओटीवर, एक मधल्या खोलीत, एक मागच्या खोलीत, जिथे माझा भाऊ सीईटीचा अभ्यास करतो. ओटीवर स्पीड ९० एमबीपीएस, मागे जेमतेम ६. सराव परीक्षा अर्ध्यात बंद पडायची आणि खरी परीक्षा दीड महिन्यावर. घरात इंजिनिअर (होऊ घातलेली) असून ही गत, हे बाबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मी चौथा डबा आणायला निघालेच होते.

रात्री पुस्तक उघडलं. गुग्लिएल्मो मार्कोनी १८७४ साली इटलीत बोलोन्याला जन्मला. वडील जमीनदार, आई आयरिश. विद्यापीठात रीतसर शिकलाच नाही! शेजारच्या प्राध्यापक रिगींकडे जाऊन-येऊन जे पदरात पडलं ते घेतलं आणि हर्ट्झने दाखवलेल्या लहरी घरच्या माळ्यावर खेळवत बसला. सिग्नल थोडं अंतर गेला की मरायचा. तेव्हा याने एकेक गोष्ट बदलून पाहिली. तारेचं एक टोक उंच नेलं, दुसरं जमिनीत पुरलं. १८९५ मध्ये सिग्नल टेकडीपलीकडे पोचला. पलीकडे भाऊ बंदूक घेऊन उभा होता आणि सिग्नल मिळाल्याची खूण म्हणून त्याने बार काढला, असं सांगतात. (आमच्याकडे भाऊ मागच्या खोलीतून नुसता ओरडतो.)

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १८९६ मध्ये इंग्लंड आणि पेटंट, १८९७ मध्ये कंपनी, १९०१ मध्ये अटलांटिकपार न्यूफाउंडलंडला पतंगाला बांधलेल्या तारेवर ऐकलेलं मोर्सचं एक अक्षर. ते खरंच ऐकू आलं होतं का, यावर आजही वाद आहे. १९०९ चं नोबेल ब्राऊनबरोबर. त्याच सुमारास आपले जगदीशचंद्र बोस कोलकात्यात याच लहरींवर काम करत होते, आणि त्यांना हवं तेवढं श्रेय मिळालं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय मार्कोनी पुढे मुसोलिनीच्या पक्षात गेला, तेही मला पटत नाही. असो.

मला खरा मार्कोनी भेटला तो चाळिशीनंतरचा. वीस वर्षं त्याचा हिशेब एकच होता: लांब जायचंय तर लहरी लांब हव्यात, मनोरे उंच आणि ताकद प्रचंड. सगळा धंदा त्यावर उभा. पण १९२३ मध्ये ‘एलेत्रा’ या आपल्या बोटीवरून छोट्या लहरी ऐकताना त्याला कळलं की थोड्या ताकदीतही त्या हजारो किलोमीटर पोचतात, फक्त नीट एका दिशेला रोखायला हव्यात. स्वतःचंच जुनं गणित त्याने मोडलं. सहकारी चार्ल्स फ्रँकलिनच्या अँटेना घेऊन बीम पद्धत उभी राहिली आणि १९२७ मध्ये ती थेट आपल्याकडे आली. पाठवणारं केंद्र पुण्याजवळ खडकीला, ऐकणारं दौंडला!

मी तिथेच अडकले. मध्ये सत्तर-ऐंशी किलोमीटर अंतर कशाला? कारण खडकीचा जोरदार आवाज शेजारीच असता, तर इंग्लंडहून येणारा क्षीण सिग्नल त्यात बुडाला असता. बोलायचं एका जागी, ऐकायचं दुसऱ्या जागी.

आणि आमचे डबे? स्वस्तातले. आतला एकच रेडिओ ओटीवरून ऐकतो आणि त्याच चॅनलवर पुढे बोलतो. बोलताना ऐकता येत नाही, म्हणजे प्रत्येक टप्प्याला स्पीड साधारण निम्मा. मागच्या खोलीपर्यंत असे दोन टप्पे. वर मधला डबा लोखंडी कपाटामागे! चौथा आणला असता तर गोंगाटच वाढला असता.

सकाळी मार्कोनीसारखं एका वेळी एकच बदललं. मधला डबा कपाटामागून काढून दाराच्या रेषेत ठेवला: मागे १९. मग बाबांना शिडीवर चढवून पत्र्याखालून केबल ओढली आणि मागचा डबा थेट ओटीवरच्या डब्याला जोडला. आता हवेतला टप्पा एकच, डब्यापासून मोबाईलपर्यंतचा. ७४!

मार्कोनी १९३७ मध्ये रोममध्ये गेला, तेव्हा रेडिओ केंद्रांनी दोन मिनिटं प्रक्षेपण थांबवलं होतं. हे शेवटचं पान मी आमच्या मागच्या खोलीतच वाचलं. शेजारी भाऊ सराव परीक्षा देत होता, पहिल्यांदाच पूर्ण तीन तास. फिजिक्समध्ये मार्क कमी पडले, पण या वेळी नेटचं नाव घेता आलं नाही.